नदी नसलेला देश

जुबैलमध्ये साडेसात, खेडात दहा.
हमदुले सरांचा प्रश्न पडतो
आणि मी मीटरवरची नजर उचलून मोबाईलवर ठेवतो.
सर्वांत खोल सरोवर? बैकल. माझं.
शहामृगाच्या एका पायाला बोटं किती?
दोन. रुकय्याचं.
एका सेकंदाने हरलो.

आठ दिवस झाले, आमच्यात फोन नाही.
कारण एवढंच, पडवीवर पत्रे घालायचे की स्लॅब.
पण दहाला ती हजर असते.
उत्तर आलं म्हणजे जागी आहे.
काना-मात्रा चुकली म्हणजे एका हाताने लिहितेय,
दुसऱ्यावर धाकटी.
तेवढ्यावर माझी पाळी निघते.

पुढचा प्रश्न :
बारमाही नदी नसलेला जगातला सर्वांत मोठा देश?

हे मला विचारता, सर?
बारा वर्षं समुद्र गाळतोय इथे.
मीठ एकीकडे, पाणी एकीकडे.
मधूनच ग्लासभर पिऊन बघतो,
चव म्हणाल तर, काहीच नसल्याची.
आणि तिकडे आमच्या दाराशी जगबुडी,
नावाला जागणारी,
पावसाळ्यात न विचारता उंबऱ्यापर्यंत येते.

अंगठा टेकवणार, तेवढ्यात तिचं :
आमचा माणूस आहे तो.

सर म्हणाले, देशाचं नाव लिहा. नावाशिवाय गुण नाही.
तिने लिहिलं नाही.
मलाही ती दोन अक्षरं जमली नाहीत.
चिपळूणच्या भिंगार्ड्यांनी गुण नेला.

तीन नंबरच्या पंपाचा दाब उतरला होता.
नोंदवहीत वेळ टाकली : दहा वाजून चार.
मग खोडून
सात चौतीस.