सपाट छप्पर

ब्रनोच्या वाचनालयात गुरुवारी
भिंतीवर जुनी, मुकी फिल्म:
पांढरी इमारत, पट्टीसारख्या खिडक्या,
माणूस एकही नाही.
हिनेक बोलतोय: उजेड, हवा, सरळ रेघ,
नक्षीला इथं मज्जाव.

शेवटच्या रांगेतून द्राहोमीरा उठते.
तेवीस वर्षं तिथल्या किल्ल्या तिच्याकडे.
"गळायचं हो ते," म्हणते,
"सात बादल्या लागायच्या.
आठवी जिन्यात. माझ्या घरची, निळी."

लोक हसतात.
हिनेक चष्मा काढतो,
विचारतो, कुठं कुठं?

ती पुढे येते, थेट प्रोजेक्टरच्या झोतात,
बोट टेकवत जाते. इथं. इथं.
इथं तर शिंपीणबाईंच्या उशाशी.

तिच्या पाठीवरून खिडक्या सरकतात
आणि पांढऱ्या भिंतीवर
स्वेटरचा उसवलेला धागा,
एक काळी वेलांटी.