सोमसूत्री

रामबागेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर
गेले अकरा दिवस एक बेट आहे.
ताटं त्याच्या कडेकडेनं ठेवावी लागतात.
शरयूवहिनी, माझी मोठी जाऊ, म्हणते
हे चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखं.
मला ते नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब दिसतं.
आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, म्हणून असेल.

तिच्या श्रीनंदनं नकाशा आणून दिला आणि वर सल्ला:
काकू, आईला सांग, पॅकेज घ्या,
कुठे डोकं शिणवता.
डोकं आमचं.
एकतीस वर्षं एका ओट्यावर
चौदा माणसांची पानं वेळेत मांडली,
नऊ दिवसांचे मुक्काम मांडता येणार नाहीत होय?

मुक्कामाला तुरीच्या डाळीचा एकेक दाणा.
अंतराला स्वेटरची उरलेली करडी लोकर,
किनाऱ्याच्या वळणावळणानं बोटानं दाबत न्यायची,
मग सरळ करून पट्टीवर धरायची.
नुवारा एलियाच्या घाटात लोकर संपली.
तिथे हिरवी जोडली.

सियागंजात जीरावन घ्यायला गेले तर दुकानदार,
"लंका? वहाँ क्या रखा है, माताजी?"
मी म्हटलं, भैया, मंदसौरवाले म्हणतात
तिथली राणी त्यांची लेक. म्हणजे माळव्याची.
माहेरचं कुणी गेलंच नाही इतक्या वर्षांत बघायला.
त्यानं पावभर शेव वर टाकली, पैसे घेतले नाहीत.
वहिनीनं यादीत लिहिलं:
शेव, राणीची. गुडघ्याचा पट्टा. टॉर्च.

भांडण झालं ते पावसावरून.
तिथे म्हणे पाऊस दोन आहेत.
एक या किनाऱ्याला बसला की तो किनारा कोरडा,
तिकडचा सुरू झाला की इकडे ऊन.
दोन्हीकडे उघडीप, असे दिवस थोडे.
ती म्हणाली, मार्च.
मी म्हटलं, माहीत आहे मला.
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

तिचा अबोला श्रावणात असायचा, माझा दिवाळीनंतर.
होळीच्या पुढेमागे
दोघींकडे ऊन असायचं तेव्हा
आम्ही वर्षाचे पापड लाटून घेत असू.

दिशेचं मात्र लगेच ठरलं.
बेट उजव्या हाताला, देवळात ठेवतो तसं.
गाड्या तिथेही आपल्यासारख्याच डावीकडून,
म्हणजे खिडकी आणि पाणी
यांच्यामध्ये कुणी नाही.
समुद्र तिनं एकदा पाहिलाय, लग्नाआधी, अलिबागला.
मी यशवंतसागरापर्यंत.

शुक्रवारी पासबुक भरून आणलं.
ठेव मोडूनही आकडा पाच दिवसांपाशीच थांबत होता.
दोनदा बेरीज केली. तिनं एकदा, मी एकदा.
मी दाणे उचलायला लागले,
दक्षिणेचे आधी, मग घाटातले,
तर वहिनीनं त्रिंकोमालीवर माझा हात धरला.

"इथे कड्यावर शंकर आहे," ती म्हणाली.
"शंकराला पुरती प्रदक्षिणा असते का कधी?
पन्हळीपर्यंत जायचं, ओलांडायची नाही.
आल्या वाटेनं परत."

आणि जरा वेळानं, चष्मा पुसत,
"परतताना समुद्र दुसऱ्या बाजूला येईल.
जाताना खिडकी तुझी.
येताना माझी."

हिरवी लोकर सोडवून मी डब्यात ठेवली.
उचललेले दाणे धुऊन कुकरला लावले.
गॉल, मातारा, एला, नुवारा एलिया
रात्री वरणात होते. ओळखू आले नाहीत.

मीठ जास्त झालंय, श्रीनंद म्हणाला.
असू दे, वहिनी म्हणाली,
आणि आणखी वाढून घेतलं.