चुकांचा रकाना

पीटीचे सर बदलून गेले
आणि हेडमास्तरांनी टीम माझ्या नावावर लिहिली,
वर्गातला मोडका पंखा कुणाच्या तरी नावावर असतो तशी.
मी गणिताची. बेसबॉल पाहिलासुद्धा नव्हता.
नियमांचं पुस्तक मागवलं, गुणांची वही,
आणि पेन्सिल.

पांदणीच्या कडेला सोयाबीन निघालेलं वावर,
धसकटं अजून टोचणारी.
युरियाच्या पोत्यांत माती भरून तीन बेस,
होम प्लेट ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबची.
ग्लोव्ह सहा, मैदानात पोरं नऊ;
मागच्या तिघांनी उघड्या तळव्यांवर झेलायचं
असं कुणी ठरवलं नाही. ठरत गेलं.

सकाळी सहाला दवात सराव.
आठला अर्धी टीम कापूस वेचायला.
"दुपारून येतो नं मॅडम," बंडू कोडापे म्हणतो,
बोंडांनी ओरखडलेली बोटं खिशात घालून.
तो कॅचर आहे. बोटं त्याची मोजूनच मी घरी जाते.

सुगत मेश्रामचा खांदा
तुरीतली वानरं हाकलून तयार झालेला.
पण वानरं बसतात निंबावर,
म्हणून त्याचे सगळे चेंडू उंच.
"खाली उतरलेलं वानर समज," बंडू ओरडतो,
आणि छातीशी ग्लोव्ह धरून
स्वतःच वानरासारखा बसतो.

पहिला सामना दारव्ह्याला.
अलकेश राठोडनं पहिलाच चेंडू असा हाणला
की समोरचे सर खुर्चीतून उठले,
आणि हा धावला बॅटसकट,
सरळ पिचरच्या अंगावर. क्रिकेटची सवय.
पिचर घाबरून बाजूला झाला.
मैदान हसलं. अलकेशही हसला, जरा उशिरा.
एकोणीस–एक.
वहीत चुकांचा वेगळा रकाना असतो.
त्यात मी अकरा लिहिले.

टेम्पोत कुणी बोलेना.
बोरी मागे पडल्यावर सुगत म्हणाला,
"मॅडम, तो एक कोनाचा व्हय?"
बंडूचा. चार बॉलवर फुकट पहिला बेस,
पुढे त्यांच्याच हातून सुटत सुटत घरी.
"म्हंजे तेही चुकतेत,"
आणि टेम्पोत थोडी जागा झाल्यासारखं वाटलं.

मग पंधरा दिवस आम्ही फक्त बॅट टाकली.
मारायची, टाकायची, पहिल्या पोत्याकडे पळायचं.
सगळ्यांना जमलं. अलकेशला नाही.
"एकच तं बॅट हाय मॅडम. टाकू कशी?"
तांड्यावरून वर्गणी त्यानंच गोळा केलेली,
दहा-दहाच्या नोटा, वहीत नावं.
शेवटी मी प्लेटशेजारी घरची सतरंजी अंथरली.

नेरला बारा–चार. चुका सात.
सुगतचे दोन चेंडू कमरेइतके आले
आणि बंडू उभा राहून नाचला,
तिसरा त्याच्या पायावर बसेपर्यंत.

परवा दिग्रसला सहा–पाच.
हरलोच.
चुका चार, त्यातली एक माझी,
फलंदाजांचा क्रम लिहिताना झालेली.
शेवटच्या डावात दोन बाद, तिसऱ्या पोत्यावर सुगत,
अलकेशनं डावीकडे खणखणीत मारला.
सतरंजी नव्हती.
तो वाकला.
बॅट दोन्ही हातांनी मातीत ठेवली,
झोपलेल्या पोराला खाली ठेवतात तशी,
मग सुसाट.
एका पावलानं गेला.

पोरं त्याला काही बोलली नाहीत.
टेम्पोत बंडूनं बॅट मांडीवर घेतली,
शर्टाच्या टोकानं पुसली, त्याच्याकडे दिली.
रविवारी पुसद आहे.

रात्री वही काढून बसले.
बाद झाल्याची खूण केली,
मग नियमांचं पुस्तक चाळलं शेवटच्या पानापर्यंत.
हळूच ठेवण्याची खूण कुठेच नाही.
अलकेशच्या चौकटीत, कोपऱ्यात,
मी पेन्सिलनं एक टिंब दिलं.