जवळचं नाम

दर मंगळवारी साडेसहाला,
ग्रिम्सबीत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत
मी इंग्रजी शिकवते.
बत्तीस वर्षं मासळी-लिलावाची बिलं लिहिली, आता हे.
खाली कुणाच्या तरी चादरी गरगरतात.
वर नऊ माणसं, हात कितीही धुतले
तरी वह्यांना हॅडॉकचा वास.

आज जोडीचे शब्द.
‘आयदर’ आला की मागून ‘ऑर’,
‘बोथ’ला ‘अँड’,
‘नायदर’ला मात्र ‘नॉर’च, दुसरा चालायचा नाही.
रूटा म्हणाली, म्हणजे मोज्यांसारखं.
हो, म्हटलं, मोज्यांसारखंच.

मग हेतू. इथे कशासाठी आलात? एक वाक्य.
सरकारी फॉर्मवर लिहिता तसं नको, म्हटलं.
सगळ्यांनी तसंच लिहिलं.
रूटाचं: ‘आय केम फॉर टू वर्क.’
‘फॉर’ खोडला. नुसतं ‘टू’ पुरे,
फारच ऐट हवी तर ‘इन ऑर्डर टू’.
खोडताना पेन जरा अडखळलं.
माझा बाप जन्मभर ‘फॉर टू’च म्हणायचा.
आइसलंडच्या पाण्यात जायचा,
फॉर टू तुम्हा कार्ट्यांची तोंडं भरायला,
आणि त्याचं कधी कुणी
काही खोडलं नव्हतं.

तेस्फालदेत खिडकीशी बसतो.
हेतूची ओळ त्याने कोरीच ठेवली,
आणि आधीच्या धड्याच्या खाली लिहिलं:
‘नायदर माय ब्रदर्स नॉर माय मदर’
आणि थांबला.
पुढे ‘इज’ की ‘आर’?
भाऊ दोन, आई एक,
बोटांवर मोजून म्हणाला, तीन.

मी शाळेत शिकले तो नियम सांगितला:
‘नॉर’नंतर जे नाम जवळ
त्याच्याशी क्रियापद जुळवायचं.
लांबचे कितीही असोत,
त्यांना कुणी विचारत नाही.

त्याने ‘इज’ लिहिलं.
मग बराच वेळ वहीकडे बघत राहिला.
रबर मागितलं.
आईला मागे नेलं, भावांना पुढे आणलं,
‘इज’चं ‘आर’ केलं.
पुढच्या मंगळवारी, म्हणाला, आईला जवळ आणीन.

खाली यंत्र थांबलं होतं,
कुणीतरी ओल्या चादरी ओढून काढत होतं.
मी त्याच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.
वाक्य अजून अर्धंच होतं.