शुद्धिपत्र

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं
क्लाक्सविकला, हानुसच्या होडीघरात जमतो.
होडी बाहेर, आत आम्ही.
डांबराचा, ओल्या लोकरीचा वास,
आणि एक शेगडी, जी हानुसच्या वाक्यांसारखी
आधी भरपूर धूर करते, मग पेटते.
(हे मार्युन म्हणाली. मी नाही.)

मार्युन मासळीच्या कारखान्यात
आठ-आठ तास काटे काढते,
त्यामुळे विशेषणांबद्दल तिचं मत ठाम आहे:
घशात अडकेल ते काढायचं.
"पण काट्यांवाचून मासा पोहला असता का?"
हानुस विचारतो.
दर गुरुवारी हाच वाद. निकाल लागत नाही,
कॉफी तेवढी संपते.

मग पैशांचं निघतं.
टूरीच्या कादंबरीचा हिशोब आलाय:
छापल्या पाचशे, खपल्या तीनशे बारा,
उरलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी लेखिकेने
महिनाअखेर उचलाव्यात, गोदामाला जागा हवी.
मानधनात गाडीचा एक टायर येईल.
"पुढचा की मागचा?" हानुस.
आम्ही हसलो,
पण जो तो आपापला टायर आठवून.

आमची भाषा बोलणारे सगळे
एका मोठ्या मैदानात मावतील.
त्यातले निम्मे लेखकाचे नातेवाईक,
आणि नातेवाइकांना पुस्तक भेटच लागतं.
इथे पात्राला दाढी दिली
तर तीन दाढीवाले दार वाजवतात: मीच का?
टूरीने दाढी काढली,
उजवा लंगडा पाय डावा केला, बेट बदललं,
तरी मामाने स्वतःला ओळखलंच.
अठरा महिने बोलला नाही.
प्रती मात्र नऊ घेतल्या.
"खपलेल्या तीनशे बारात त्या धरल्यात,"
टूरी सांगते, न हसता.

त्याच गुरुवारी दार ढकलून मामा आला.
योआकिम. टोपी काढली नाही, बसला नाही.
पिशवीतून पुस्तक काढलं,
पान एकशे एक्केचाळीस.
समासात पेन्सिल.

"होडीचं नाव चुकलंय. ते तू मुद्दाम केलंस, असो.
वारा त्या रात्री ईशान्येचा होता. तेही असो.
पण इथे, भाऊ बुडाल्यावर,
धक्क्यावर, लोकांदेखत,
तू मला रडवलंस.
मी धक्क्यावर रडलो नाही.
येतानाच रडून घेतलं होतं,
खाली, इंजिनापाशी. इंजिन चालू ठेवून."
आणि पुन्हा, शुद्धलेखन घालावं तसं:
"चालू ठेवून."

मार्युनच्या विणकामाच्या सुया थांबल्या.
मला पहिल्यांदा वाटलं ते लाजेचं आहे:
हे वाक्य मला मिळायला हवं होतं.
मान वर केली तर हानुसच्या तोंडावर
तेच लिहिलेलं.

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर," म्हणून मामा गेला.
दुसरी आवृत्ती!
हे त्याला सांगणार कोण?

शनिवारी खोकी आली.
आम्ही पान उघडून धरायचं,
टूरीने ओळ खोडायची, वर लिहायचं,
आम्ही शाईवर फुंकर घालायची.
"लिहिणार मीच," ती म्हणाली, "चूक माझी आहे."
नव्वदीच्या पुढे तिचा हात वळेना,
अक्षर मोठं होत गेलं, समासाबाहेर सांडलं.
मार्युनने एकदाच विचारलं,
इंजिनाला विशेषण नको ना एखादं?
कुणी उत्तर दिलं नाही.

रात्री दीडला शेवटची प्रत मिटली.
"आणि ज्या खपल्या त्यांचं काय?" हानुस म्हणाला.
"त्यांच्यात तो अजून धक्क्यावरच रडतोय."

टूरी बोटांची शाई
अंगातल्या स्वेटरलाच पुसत होती.
"त्यातल्या नऊ त्याच्या घरी आहेत.
त्या तो स्वतः दुरुस्त करेल."

मग थोड्या वेळाने, आकडा मनात मोजून:
"राहिल्या तीनशे तीन."