खेचरखाते

लष्कर. कंपूतली मागची खोली.
दौत, बाडं, खिडकीतून दिसणारा किल्ल्याचा एक तुकडा.
मी मोडीत लिहितो. वरच्या मजल्यावर कौलसाहेब
त्याचं इंग्रजी करतात
आणि दर ओळीतून अर्धी ओळ गळते.

पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे :
खेचरं चारशे बारा, हाकणारे दोनशे सहा, नालबंद तीन.
मुदत : दसऱ्यापर्यंत.
दसरा कोणी सांगितला आठवत नाही.
वरून आलं, मी उतरवून घेतलं.
कोणता दसरा, ते विचारायचं राहिलं.

त्या वर्षी स्वारी थाटात निघाली.
हत्ती, नगारा, शमीच्या पानांची लूट.
मीही मूठभर घरी नेली.
पुढल्या दसऱ्याला पगारातून युद्धनिधीचा दीड रुपया गेला.
त्याच्या पुढल्या वर्षी गव्हाचा भाव ऐकून बायको म्हणाली,
त्या मुलखात पिकतं तरी काय?
खजूर, मी म्हणालो. आणि वाळू.
मग आपली माणसं तिथं राखतात काय?
मी विडा लावत बसलो,
बराच वेळ चुना लावत बसलो.

मग तापाचं वर्ष. मुरारच्या नदीवर लाकूड मिळेना.
स्वारी निघाली की नाही, मला ठाऊक नाही,
आमच्या घरात तेव्हा दोन अंथरुणं होती, मग एक.

पाचव्या दसऱ्याला तह होऊन वर्ष होत आलं होतं.
आमची माणसं अजून तिकडेच.
नदीपलीकडे नवी कुरबूर निघाली आहे, असं पत्र आलं.
मी आवक नंबर टाकला.

परत आला तो इमामबक्ष नालबंद, हजिऱ्याचा.
खेचर एकही नाही. पाठीवर गोणी.
जे जे मेलं, त्याचा एकेक नाल काढून घेतला, म्हणाला.
सरकारी माल आहे, रावसाहेब, मोजून घ्या.
आम्ही दोघं जमिनीवर बसलो.
संध्याकाळपर्यंत तीनशे सत्तर भरले.
बाकीचे बेचाळीस?
पुरात वाट तुटली होती, एकवीस दिवस, तो म्हणाला.
ती खाल्ली.
मी लेखणी उचलली, ठेवली.
तोच म्हणाला, शिध्यात लिहा.
तुम्हीही?
मी फक्त पाणी उकळत होतो, असं म्हणून
तो हाताची नखं बघत राहिला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भिवराबाई येते.
हैबती जगदाळे, हाकणारा, नंबर एकशे एकोणीस.
मेला असेल तर पेन्शन, जिवंत असेल तर पगार,
आणि हैबती दोन्ही याद्यांत नाही.
हुकूम आहे : रक्कम इसमाने स्वतः हजर होऊन उचलावी.
मी वाचून दाखवतो.
ती म्हणते, पुन्हा वाचा.
मी पुन्हा वाचतो, जरा हळू.

गेल्या सोमवारी तिला गोणी दिसली.
त्यांच्या खेचराचं नाव मैना होतं, म्हणाली.
पत्रात स्वतःचं कमी, मैनेचंच जास्त असायचं.
इमामबक्ष दारात बसला होता. उठला,
गोणीत कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिला,
एक नाल काढला, धोतराला पुसला :
हा तिचा. डावा, मागचा. खिळा वाकडा माझ्या हातचा आहे.
तिने पदरात घेतला. अंगठा उठवू का, विचारलं.
नको, मी म्हणालो.

ती नाल्याच्या पुलापलीकडे दिसेनाशी झाल्यावर
इमामबक्ष म्हणाला,
मैना त्या बेचाळिसांतली.
आणि हैबती?
त्याने गोणीचं तोंड बांधलं, दोन गाठी मारल्या.

आता गोणीत तीनशे एकोणसत्तर.
फाल्गुनात तपासणी आहे, कौलसाहेब विचारतील.
मी लिहून ठेवलंय :
नाल एक, भिवराबाई जगदाळे यांस उसना दिला.
मुदतीचा रकाना कोरा आहे.