तारुमाचं बिऱ्हाड

सान लोरेन्सोच्या वनस्पतिसंग्रहालयात
जानेवारीच्या काहिलीत
मी तारुमाचं बिऱ्हाड हलवतेय,
कपाट सतरामधून कपाट नऊमध्ये.

बिऱ्हाड म्हणजे एकशे बारा कागद.
प्रत्येकावर एक चपटी फांदी,
पंजासारखी पाच पानं,
आणि कोपऱ्यात पिवळी पडलेली चिठ्ठी :
कूळ – वर्बेना.

लिहिणारे काही खोटारडे नव्हते.
पानं समोरासमोर, कोवळा देठ चौकोनी,
आणखी कुठला दाखला मागायचा झाडाकडे?

मग कुणीतरी भिंगाखाली अंडाशय उघडलं.
बीजांडं पडद्याच्या थेट कडेला असली तर वर्बेना,
कडेपासून केसभर आत असली
तर तुळशी-पुदिन्याचं कूळ.
केसभर.
तेवढ्यावरून साग गेला, निर्गुडी गेली, भारंगी गेली.
चिखलात श्वास घेणारी तिवरं
तर तिसऱ्याच दारात जाऊन उभी राहिली.
डीएनएनं मागाहून शिक्का मारला.
मागे उरली घाणेरी, वर्बेना स्वतः,
आणि बुर्रितो, जो आम्ही ठेचून
तेरेरेच्या गार पाण्यात टाकतो.

दुपारी बाजारात ञा पोर्फिरियाला सांगितलं,
तारुमा आता पुदिन्याच्या घरचा.
उखळातला बत्ता न थांबवता ती म्हणाली,
"थंड की गरम?"
तिच्याकडे कुळं दोनच.
जुडी माझ्या हातात देताना मग म्हणाली,
"झाडाला कळवलंत का?"

मला कळवलं होतं. टपालानं.
एकेचाळिसाव्या वर्षी, कोर्टाच्या पाकिटात.
गालाच्या आतून कापसानं घेतलेला नमुना
चुलत्याच्या लाळेशी जुळला,
आणि ओबदुलिया रोमानची
ओबदुलिया साल्दीवार झाली.
बाप तोवर आठ वर्षं मातीत.
एका सावत्र भावानं जमिनीचा नकाशा काढला.
दुसरा काही न बोलता
माझे कान बघत बसला.
आई चुलीपाशी होती. म्हणाली,
"मला ठाऊक होतं. यंत्राला आत्ता कळलं."

इथला नियम असा,
जुनी चिठ्ठी काढायची नाही.
खोडायची नाही, झाकायचीही नाही.
शेजारी नवी डकवायची, तारीख घालायची, सही करायची.
काही कागदांवर चार-चार चिठ्ठ्या,
चार हस्ताक्षरांतली भांडणं.

एकोणिसशे अडतीसचा एक कागद हाती येतो.
पाराग्वारी, ओढ्याकाठी. सावलीत गुरं.
फळ काळं. मुलं खातात.
एवढंच लिहून तो माणूस
पुढच्या झाडाकडे गेला असणार.
कुळाच्या जागी नुसती रेघ.

संध्याकाळी शेवटच्या कागदावर सही करताना
सवयीनं 'रो' लिहिला गेला.
तसाच ठेवला. पुढे 'मान' लिहिलं.

वाटलं होतं, कपाट नऊ उघडलं
की पुदिन्याचा वास येईल.
येत नाही.
डांबरगोळ्यांचा येतो,
दोन्हीकडे सारखा.